नऊ नंबरचे वाक्य

गंगाधर मास्तर लोणंदजवळच्या एका गावात लढाईवर गेलेल्यांना घरच्यांची पत्रे लिहून देत. लष्कराचा हवाई कागद तळहाताएवढा, आणि सांगणाऱ्यांचे पाल्हाळ गावाएवढे. मास्तर वैतागले. त्यांनी दोनशे पत्रे तपासली, कोणते वाक्य किती वेळा येते ते मोजले आणि वाक्याऐवजी नुसता नंबर लिहिता यावा म्हणून तक्ता केला. सर्वांत जास्त येणारे ‘आम्ही खुशाल आहोत’ झाले एक, ‘म्हैस व्याली’ झाले नऊ. लष्करी साहेबाची परवानगी काढून तक्ते जवानांना धाडले. पत्रे दोन ओळींत मावू लागली आणि मास्तरांची छाती फुगली.

घोड्याने पेंड खाल्ली ती पुढच्या साली. मास्तरांनी पुन्हा मोजणी केली. वैरणीअभावी म्हैस पार खाली घसरली होती. तापाची साथ येऊन गेली होती, त्यामुळे ‘तुझे वडील वारले’ वर चढून नऊ नंबरवर बसले. नवे तक्ते बोटीने निघाले. त्याच आठवड्यात बनुबाईचा नवरा नाथाजी गेला. लढाईवरच्या मुलाला, केरबाला, मास्तरांनी कळवले : ‘९’. हे पत्र मात्र विमानाने गेले.

दोन महिन्यांनी उत्तर आले. तोवर बनुबाई रोज येऊन विचारून जाई. लेकाचा एक शब्द कानी पडल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नव्हते.

“वाचा की वं मास्तर. काय म्हंतंय माजं लेकरू?”

पहिलीच ओळ होती : ‘म्हैस व्याली, लय आनंद झाला.’ ती मास्तरांनी गिळली आणि पुढची वाचली, “आबास्नी खरवस द्या. त्यास्नी लय आवडतो.”

बनुबाईने डोळ्यांना पदर लावला. “ध्यानात हाय की त्येच्या! म्हयन्याच्या निवदाला खरवसच ठिवते.”

खरे सांगायला मास्तरांची जीभ रेटेना.

चार दिवसांनी ती परत आली. दोन महिन्यांत प्रथमच तिचा चेहरा निवळला होता.

“धोंडुबाईकडनं चीक आणला, मास्तर. निवद ठिवला आन कावळा लगीच शिवला बगा! लिवा केरबाला, आबानी खरवस खाल्ला म्हनावं.”

मास्तरांनी तक्ता मिटून ठेवला. कागदावर ‘तुझे वडील’ एवढे लिहिले आणि टाक थांबला. मग ते सावकाश लिहू लागले. अर्धा कागद भरला, तरी त्यांचा हात थांबेना.

बनुबाई वाकून बघत होती. “आवं, येवडंच तर सांगितलं म्या. तुमी इतकं काय लिवताय?”

मास्तर मान खाली घालून लिहीतच राहिले.