टिटवीचे पाच सूर

एका जंगलात, मुलांनो, एक हायस्कूल होतं. तिथे नववीला संगीतशास्त्र सक्तीचं होतं. ससा मास्तरांना गाता येत नव्हतं, पण कान लांब होते. म्हणून हेडमास्तर रानगव्यांनी हा विषय त्यांच्या गळ्यात मारला होता.

त्याच वर्गात दुर्गी टिटवी होती. तिच्या घराण्याचं काम ठरलेलं. माळावर पहारा करायचा आणि बिबट्या दिसला की ओरडायचं. ते ओरडणं ऐकून सगळे पळायचे. म्हणून तर हायस्कूल भरण्याइतकी मुलं जंगलात उरली होती.

तोंडी परीक्षेत मास्तर म्हणाले, "गाऊन दाखव."

दुर्गी ओरडली. निम्मा वर्ग बाकाखाली गेला.

"अगं, हे काय? दोनच सूर? रागाला निदान पाच तरी लागतात! आरोह कुठाय? अवरोह कुठाय? नापास!"

दुर्गी रडत घरी गेली. आई म्हणाली, "आपल्याला दोनच पुरतात, बाळा. तिसरा लावेपर्यंत कुणीतरी जातं."

"आई, तुला शास्त्रातलं काही कळत नाही!"

शिक्षण अंगी लागू लागलं की मुलं असंच बोलतात.

मग दुर्गीने अशी काही मेहनत घेतली की विचारू नका. थाट पाठ केले. वादी-संवादी घोकले. फेरपरीक्षेत ती पहिली आली, तेव्हा मास्तरांचे डोळे भरून आले. भला प्राणी होता हो. मला अजून वाईट वाटतं.

स्नेहसंमेलनाला दुर्गी पहाऱ्यावर होती. भर दुपारी गवतातून बिबट्या आला. दुर्गीने त्याला पाहिलं आणि लगेच सा लावला. मग विलंबित लयीत बंदिश सुरू केली.

कुणीच पळेना. पोरं "वा, वा!" म्हणू लागली. मास्तर डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले. बिबट्याही थबकला. तो याच शाळेचा माजी विद्यार्थी. गाणं मध्येच तोडणं त्याला बरं दिसेना.

दुर्गी जीव ओतून गायली. पाचवा सूर लागला, सम आली. मास्तरांनी मान डोलावली आणि बिबट्याने नेमकी समेवर झडप घातली.

शोकसभेनंतर मास्तरांच्या जागी दुर्गीची नेमणूक झाली. आईने पहारा पुन्हा मागितला. पण ती नववी पास नव्हती.

तात्पर्य: संकट दिसलं तर ओरडावं जरूर, पण आधी सा नीट लावून घ्यावा. मरण काय, कधीतरी येतंच. ते निदान सुरात यावं.