सॅलड आंटींची रिकामी जागा

मृत्यू अटळ आहे. आमच्या बेटाच्या हामाकुआ किनाऱ्यावर त्याच्या मागोमाग येणारं मॅकरोनी सॅलडही तितकंच अटळ आहे. गेलेला माणूस साखर कारखान्यात मुकादम होता की ऊसतोडीवर होता, बौद्ध होता की कॅथलिक, यावर प्रार्थनेची भाषा ठरते. पण प्रार्थनेनंतर कागदी ताटात भाताच्या दोन मुदी आणि त्यांच्या शेजारी सॅलडची एक मूद पडली नाही, तर तो माणूस नीट मेला असं इथे कुणी मानत नाही. (टेशेरांच्या आजोबांना मागे एकदा सॅलडऐवजी हिरव्या पाल्यावर निरोप देण्यात आला. मुलगा कॅलिफोर्नियाहून आला होता. त्या घराकडे लोक अजून हळहळून बघतात. हळहळ आजोबांबद्दलची नाही.)

इतकी महत्त्वाची बाब घरच्यांवर सोडून चालत नाही, कारण घरचे नेमके त्याच वेळी दुःखात असतात. म्हणून बौद्ध मंदिराचं महिला मंडळ आहे. भात, कोंबडी, लोणचं, कॉफी ही कामं मंडळात पाळीपाळीने फिरतात. सॅलडचं काम फिरत नाही. ते पद आहे. त्याला मुदत नाही, निवडणूक नाही, राजीनाम्याची सोय नाही. ते रिकामं होण्याचा एकच मार्ग आहे, आणि तीसेक वर्षं ते सांभाळलेल्या बाई एका मंगळवारी सकाळी त्या मार्गाने गेल्या. पडवीतल्या खुर्चीत बसल्या आणि उठल्या नाहीत.

गाव त्यांना सॅलड आंटी म्हणत असे. मुलं म्हणत, म्हातारे म्हणत, मंदिराचे पुजारी, म्हणजे सेन्सेईसुद्धा म्हणत. तेवढंच नाव घातलेलं पाकीट पोस्टमन बिनचूक त्यांच्या दारात आणून टाकत असे.

मंडळाने तातडीने दुःख व्यक्त केलं. ते व्यक्त करून होताच मूळ प्रश्न समोर आला: शनिवारच्या अंत्यविधीला सॅलड कोण करणार? या कामाची अनुभवी व्यक्ती एकच होती, आणि ती त्या दिवशी दुसऱ्या भूमिकेत हजर राहणार होती.

लिनेट ही त्यांची एकुलती मुलगी. ती हिलो शहरातल्या एका शाळेत ग्रंथपाल होती. माणूस गेल्यावर काय होतं, यावर तिने बरंच वाचलेलं होतं. लोक येतात, शेजारी बसतात, गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात आणि त्या गोष्टींनी घर थोडं भरतं, असं बहुतेक पुस्तकांचं म्हणणं होतं. तिने पडवीत चार खुर्च्या जास्तीच्या मांडल्या आणि वाट बघत बसली.

लोक आले. पुस्तकं तेवढ्यापुरती बरोबर होती. दाराबाहेर सपातांचा ढीग झाला. प्रत्येक बाई आत आली, लिनेटला घट्ट मिठी मारली, एक फॉइलचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि फ्रिजकडे बघितलं.

ट्रेमध्ये मॅकरोनी सॅलड होतं. सगळ्या ट्रेंमध्ये तेच होतं. हे सांत्वन नसून उमेदवारी अर्ज आहेत, हे लिनेटच्या लक्षात यायला बुधवारची दुपार उजाडली. एकीने बटाटा घातला होता. एकीने वाटाणे घातले होते (ही बाई दुसऱ्या बेटावरून लग्न होऊन आलेली, तिला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं). खेकडा घालणारा गट स्वतःला सुधारक समजतो. उकडलेलं अंडं घालणारा गट स्वतःला काहीच समजत नाही, फक्त अंडं घालतो. चारही गटांची एकमेकांशी बोलणी बंद असतात. शोक हा त्यांना एका स्वयंपाकघरात आणणारा एकमेव प्रसंग.

मंडळाच्या अध्यक्षा आंटी हारुए सगळ्यांच्या आधी आल्या होत्या.

"लिन, पोरी, कसं गं हे झालं! काल मला बाजारात भेटली होती. बोलली, हसली. जेवलीस का तू काही?"

"नाही, आंटी."

"खा गं बाई काहीतरी. आणि रडावंसं वाटलं तर रड, मनात ठेवू नकोस." आंटी हारुएंनी तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले, उघडले. "बरं, मला एक सांग. आई व्हिनेगर कधी घालायची? मॅकरोनी गरम असताना, का गार झाल्यावर?"

"मला नाही माहीत."

"नाही माहीत कसं? एका घरात राहिलात ना तुम्ही?"

लिनेटला माहीत होतं. सगळंच माहीत होतं. लहानपणी ती स्टुलावर चढून त्या पातेल्यात डोकावत उभी असायची. पण बुधवार दुपारपर्यंत तिला व्हिनेगरबद्दल, कांद्याबद्दल, दुधाबद्दल आणि साखरेबद्दल (घालायची का? नाही ना? घालायची?) वेगवेगळ्या आवाजांत तेच ते विचारून झालं होतं. पडवीतल्या जास्तीच्या खुर्च्यांवर कुणी बसलं नव्हतं. खुर्च्या फ्रिजपासून लांब होत्या.

तेव्हा तिने एक अट घातली. आवाज न चढवता, शाळेत पुस्तक परत करण्याची तारीख सांगावी तशी.

"मी कृती सांगते. पूर्ण सांगते. पण आधी आईबद्दल एक गोष्ट सांगा. कुठलीही. फक्त त्यात सॅलड नको."

अट अन्यायकारक आहे, असं कुणीही म्हटलं नाही. उलट ती फार सोपी आहे असंच सगळ्यांना वाटलं, आणि परीक्षेला सुरुवात झाली.

आंटी हारुए पहिल्या बसल्या. "अगं, एक काय, शंभर सांगते! तुझी आई म्हणजे..." त्यांनी छताकडे बघितलं. छतावर पाल होती. पालीने दोन माश्या खाल्ल्या. "फार वक्तशीर होती बघ."

"कशात?"

"आणायची ना वेळेवर."

"काय आणायची?"

आंटी हारुए पाणी प्यायला उठल्या.

आंटी जेराल्डीन कॅबराल या कॅथलिक असूनही बौद्ध महिला मंडळात आहेत, कारण त्यांच्या चर्चच्या मंडळात अंडंवाल्यांचं बहुमत झालं. त्यांच्याकडे खरोखर एक गोष्ट होती, आणि ती त्यांनी रंगवून सांगितली. "दरड कोसळून रस्ता बंद पडला होता, आठवतं? ओढ्याला हे एवढं पाणी. दोन्ही बाजूंना पोलीस. आणि तुझी आई, बाई गं, स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचलेला, चालत आली पाण्यातून! मी म्हटलं, वेडी झालीस का, जीव जाईल! तर मला म्हणते, बाजूला हो जेरी, हात अवघडलेत. असं धाडस मी बापजन्मात बघितलं नाही."

लिनेट पुढे सरकून बसली. "हात का अवघडले होते, आंटी?"

"डोक्यावरचं पातेलं धरून..." आंटी जेराल्डीन थांबल्या. "त्यात काय होतं ते सांगितलंच पाहिजे का?"

नापास.

पुरुषांतून अंकल रोलंड एकटेच बसले. ते कारखान्याचा ट्रक चालवत असत आणि कुठल्याच गटाचे नव्हते, फक्त खात असत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तुझी आई ना, देखणी होती."

हे लिनेटला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे असावी," अंकल रोलंड म्हणाले. ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. "कायम छातीशी मोठं भांडं धरलेलं असायचं. मला अर्धाच चेहरा दिसायचा. वरचा अर्धा फार छान होता."

गुरुवार संध्याकाळपर्यंत परीक्षेला बसलेल्यांची संख्या भरपूर आणि निकाल शून्य टक्के, अशी स्थिती होती. सेन्सेई प्रवचनासाठी माहिती विचारायला आले, तेव्हा लिनेटने त्यांनाही अट सांगितली. ते विचारात पडले आणि म्हणाले, की प्रवचनाचा विषय त्यांनी ठरवून टाकलेला आहे. विषय होता: मुरणं.

याचा अर्थ गाव कृतघ्न आहे असा कुणी काढू नये. तीस वर्षांत या गावाने बाईंचे आभार मानल्याशिवाय एकही ताट संपवलेलं नाही. ताटात बघून मानलेले असतील, पण मानले.

शुक्रवारी आंटी हारुए अध्यक्ष म्हणून आल्या. अध्यक्ष म्हणून येताना त्या पर्स घेऊन येतात.

"हे बघ लिन, उद्या दोनशे पानं उठणार. तुझं दुःख मी समजू शकते. पण गावाचाही विचार कर जरा. आई असती तर असं अडवून धरलं असतं तिने?"

"आई असती तर तुम्ही आला नसतात, आंटी."

"तेच म्हणते मी!" आंटी हारुए म्हणाल्या, कारण त्या ऐकत नव्हत्या.

"उद्या मंदिरात मी बोलणार आहे," लिनेट म्हणाली. "जे सांगायचं ते तिथे सांगेन."

ही बातमी चहा व्हायच्या आत पुढच्या तीन गावांत पोचली. लिनेट आईविषयी बोलणार, असं आंटी हारुएंनी सांगितलं नाही. लिनेट सांगणार, एवढंच सांगितलं. ज्यांचं बाईंशी वैर होतं त्यांनीही यायचं ठरवलं. कोना बाजूहून, डोंगराच्या पलीकडून, एक मोटार भरून अनोळखी बायका निघाल्या.

शुक्रवारची दुपार लिनेटने भाषण लिहिण्यात घालवली. अट तिने स्वतःलाही लावली होती. आई गाणं म्हणायची, असं तिने लिहिलं. कधी म्हणायची? कालवताना. खोडलं. आई एकदा खूप चिडली होती. बाबांनी मुरायच्या आत फ्रिज उघडला होता तेव्हा. खोडलं. आईला ओकिनावाला जाऊन तिच्या आजीचं गाव बघायचं होतं. तिकीट दोनदा काढलं, दोनदा रद्द केलं; दोन्ही वेळा गावात कुणीतरी मेलं. बाबा गेले तेव्हा आई पहिल्या रांगेत लिनेटच्या शेजारी बसली होती, न रडता, आणि तिच्या काळ्या बाहीवर वाळलेल्या मेयोनीजचा डाग होता. लिनेटने तो नखाने खरवडून काढला होता. हेही खोडलं.

तीन वाजता कागदावर खोडलेल्या ओळींशिवाय काही उरलं नाही. नियम सगळ्यांना सारखा. शेवटची उमेदवार, नात्याने मुलगी, नापास झाली.

शनिवारी मंदिरात उभं राहायला जागा नव्हती. सेन्सेई मुरण्यावर बोलले. मग लिनेट उठली. तिच्या हातात कागद नव्हता. पुढच्या रांगांत पेन्सिली निघाल्या.

"मॅकरोनी पाकिटावर लिहिलेली असते त्याच्या दुप्पट वेळ शिजवायची," ती म्हणाली. "आजोबांचे दात चाळिशीतच गेले होते. त्यांना चावता यावी म्हणून आई तशी करायला लागली. ते गेले तरी तिने वेळ कमी केला नाही. निथळली की गरम असतानाच व्हिनेगर शिंपडायचं. कांदा चिरायचा नाही, किसायचा. कांद्याचा तुकडा दिसला की मी पानावरून उठायचे, म्हणून. गाजर बारीक खवणीवर. मेयोनीज दोनदा. अर्धं रात्री घालायचं आणि झाकून ठेवायचं, कारण रात्रीत मॅकरोनी सगळं पिऊन टाकते. उरलेलं पहाटे, थोड्या दुधात सैल करून. कालवून झालं की ती मागच्या पायरीवर बसून एकटी कॉफी प्यायची. मी एकदा उठून तिच्याजवळ गेले. ती म्हणाली, जा झोप, अजून कुणी उठलं नाहीये. म्हणजे मी नको होते तिला तिथे. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. मीठ, मिरी. साखर चिमूटभर. तिला गोड आवडायचं नाही, तुम्हाला आवडतं. ती स्वतः हे खात नव्हती. भात आणि मुळ्याचं लोणचं घ्यायची, सगळ्यांचं झाल्यावर."

ती खाली बसली. सभागृहात बरंच रडणं झालं, आणि ते खरं होतं. रडता रडता लिहिता येतं, हेही त्या दिवशी सिद्ध झालं.

मागच्या रांगेतून आंटी जेराल्डीन नाक पुसत पुढे वाकल्या आणि लिनेटच्या खांद्याशी कुजबुजल्या, "चिमूट म्हणजे कुणाची गं, लिन? माझी मोठी होईल. तिची बोटं बारीक होती."

लिनेटने वळून त्यांच्याकडे बघितलं. बोटांचं हे वाक्य अटीत बसतं की नाही, याचा निर्णय तिने अजून दिलेला नाही.

जेवणं झाली. बटाटा, वाटाणा, खेकडा आणि अंडं यांचे ट्रे शेजारीशेजारी मांडले होते, आणि प्रत्येक ताटात चारही मुदी पडल्या, कारण कुणाला दुखवायचं नसतं. पद अद्याप रिकामं आहे. मंडळाने त्यावर उपसमिती नेमली आहे.

मंदिर झाडायला थांबलेल्यांना बाकांवर काही कार्यक्रमपत्रिका सापडल्या. घाईत कृती उतरवून, मग ती दुसऱ्यांदा नीट लिहून घेतल्यावर टाकून दिलेल्या त्या प्रती होत्या. पत्रिकेच्या पहिल्या पानावर बाईंचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत छापलं होतं, आणि आजूबाजूला कोरी जागा कमी असल्यामुळे साखर, मीठ आणि मिरी त्या नावावरच लिहिलेली होती.

वाचकांनी या गावाला हसायला हरकत नाही. गावाला सवय आहे. मॅकरोनी किती शिजवायची, व्हिनेगर कधी, मेयोनीज किती वेळा, हे आता तुम्हालाही पाठ आहे, आणि येत्या रविवारी तुम्ही ते करूनही बघाल. बाईंचं नाव काय होतं, असं मात्र इथपर्यंत येऊन तुम्हीही विचारलेलं नाही.

(विचारलं असतं, तर सांगितलं असतं.)