सुकलालआबांचं धर्माचं एम. ए.

आमच्या गोडादऱ्यात सत्यनारायण ठरला की पूजा सांगणारे महाराज आधी विचारतात, "सुकलालआबा येणार आहेत का?" कारण आबा प्रसाद घेतात आणि वर मार्क देतात. "कथा झकास. पण चौथ्या अध्यायात घाई केली. वीसपैकी चौदा."

आबा माझे शेजारी. साड्यांच्या मिलमधून रिटायर झाले आणि सरळ सरकारी विद्यापीठात धर्म या विषयाच्या एम. ए.ला बसले. तरुणपणी धुळ्याला बी. ए. केलं होतं, ते आता कामाला आलं. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "सर, यात देव मानायचा की नाही?" सर म्हणाले, "आपण फक्त समजून घ्यायचं." झालं! तेव्हापासून "समजून घ्यायचं, भांडायचं नाही" हे त्यांचं पालुपद. दर्गा असो, जैनांचं देरासर असो, कुणी हटकलं की गुजरातीत म्हणणार, "प्रॅक्टिकल छे, भाई!" गुरुद्वारातल्या लंगरचं प्रॅक्टिकल तर अजून संपलेलं नाही.

एवढं सगळं समजून घेणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नाला मात्र गेला नव्हता. जागृतीनं कडोदऱ्याच्या एका बौद्ध घरात लग्न केलं आणि आबांनी बोलणंच टाकलं. एम. ए.चं खूळ त्यानंतरचं. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

यंदा जागृतीच्या मुलीचं नामकरण ठरलं, तेही नेमकं आबांच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. जावई स्वतः येऊन सांगून गेला. आबा नुसतं "पेपर आहे" म्हणाले. मला भारी राग आला त्यांचा. पण त्या दिवशी सकाळी बघते तर इस्त्रीचा शर्ट घालून आबा माझ्या दारात!

"वहिनी, चला ना कडोदऱ्याला. एकट्याचे पाय उचलत नाहीत."

तिथं बुद्धवंदना सुरू झाली. आबांना सगळी पाठ. डोळे मिटून, खणखणीत आवाजात म्हणत होते. मला अभिमानच वाटला. पण वंदना संपली आणि आरतीनंतरची जन्माची सवय आड आली. हात जोडून आबांनी जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतली! सगळं घर बघतच राहिलं.

जागृती खुदकन हसली आणि घरच्या अहिराणीत म्हणाली, "आबा, आठे कोनी फिरतस नई!"

"पुस्तकमा लिखेल नई ना हाई," आबा ओशाळून म्हणाले. मग तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "बेटा, तुना लगीनले मी उनू नई..."

तिनं पुढं बोलू दिलं नाही. बाळ त्यांच्या हातात दिलं. "आज तुमना पेपर व्हता ना?"

"पेपर काय, पुढला वरीसले बी ऱ्हास."

पंगत बसली, उठली. आबांनी नातीला कुणाकडे दिलं नाही. शेवटी त्यांचं ताट मीच झाकून ठेवलं.