मुलाच्या खोलीत कोण?

"आता खालची ओळ वाचा बघू," चष्मेवाल्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोन त्यांच्या घराच्या बरोबर खाली राहणाऱ्या काकांचा होता. मुलाच्या ड्रमपायी या काकांची माफी मागण्यात चष्मेवाल्यांची बरीच वर्षं गेली होती. मुलाने त्यांचं नावच डेसिबलकाका ठेवलं होतं. मुलीचं लग्न झालं, मग मुलगाही शिकायला परगावी गेला, आणि तो माफीचा जाच एकदाचा संपला असं चष्मेवाले धरून चालले होते.

"मुलगा परत आला वाटतं?" काका म्हणाले. "सकाळपासून ड्रम चाललेत, म्हणून विचारलं."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे अंधारीच आली. ती ओसरली तेव्हा घरातलं सगळं त्यांना एकदम लख्ख दिसायला लागलं. मुलं गेल्यावरही बायको सवयीने चौघांचा स्वयंपाक करायची आणि दोघं दुसऱ्या दिवशी शिळं खायची. हल्ली शिळं उरतच नव्हतं. मुलाचा जुना टी-शर्ट सारखा दोरीवर वाळत असायचा. मुलाच्या खोलीचं दार लावलेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आत पसारा आहे, तुम्ही जाऊ नका." म्हणजे कार्टा कॉलेज सोडून पळून आलाय आणि आईने त्याला घरातच लपवलाय!

त्यांनी लगेच मुलाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"लायब्ररीत," मुलगा कुजबुजला.

संपलंच! बारावीपर्यंत जो लायब्ररीची पायरी चढला नाही, तो म्हणे लायब्ररीत! खोटं बोलायचं तर निदान पटेल असं तरी बोलावं. चष्मेवाले तसेच दुकानाबाहेर पडले.

"अहो, माझा चष्मा!" गिऱ्हाईक मागून ओरडलं. त्याचा चष्मा चष्मेवाल्यांच्या खिशात होता आणि त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम होती. तेही बिचारं मागोमाग धावलं. वाटेत त्याने एका विजेच्या खांबाची माफी मागितली.

जिन्यातच ड्रमचा आवाज ऐकू आला. डेसिबलकाका दारात उभेच होते.

"अहो, जरा ऐका, मला काय सांगायचं होतं..."

"माफ करा काका, आत्ता बंद करतो!" चष्मेवाले वर पळाले. मागून चष्मा नसलेलं गिऱ्हाईक आणि त्याच्यामागे काका, अशी वरात घरात शिरली. मुलाच्या खोलीला आतून कडी होती. चष्मेवाल्यांनी दारावर बुक्क्या मारल्या.

"बाहेर ये कार्ट्या! शिक्षण टाकून आलास? आणि कशासाठी, तर हे बडवायला? ताल तरी आहे का तुला? आईलाही सामील करून घेतलंस! ती बिचारी साधी. दिवसभर एकटी ती काय करत असेल, कधी विचार केलास?"

ड्रम थांबले. कडी निघाली. दारात मुलाचा टी-शर्ट घालून, घामाने निथळत, हातात दोन काठ्या घेऊन बायको उभी होती.

"तुम्ही केलात का विचार?" तिने विचारलं.

चष्मेवाल्यांनी तिच्यामागे डोकावून पाहिलं. "तू? अगं, आणि ते शिळं?"

"मीच खाते. एवढं वाजवल्यावर भूक लागते माणसाला."

"पण तुला हे येतं कसं?"

"जन्मभर शिलाई मशीन चालवलंय. पाय आपोआप पडतो. हाताचं पोराने फोनवर शिकवलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी खाली जाऊन काकांची माफी मागितली असती आणि माझं सुरू होण्याआधीच बंद पडलं असतं." तिचा आवाज जरा खाली आला. "पोरं गेल्यावर घर खायला उठायचं हो. तुम्ही दुकानात. मी या खोलीत येऊन नुसती रडायचे. एक दिवस रडता रडता काठी उचलली आणि हाणली. इतकं बरं वाटलं, काय सांगू!"

चष्मेवाले सवयीने काकांकडे वळले. "काका, खरंच माफ..."

"पुरे हो तुमची माफी!" काका उखडले. "मी तक्रार करायला फोन केलाच नव्हता. तुमचा पोरगा नुसता बडवायचा. गेले काही दिवस एक ठोका चुकत नाही, म्हणून म्हटलं त्याचं कौतुक करावं. वहिनी, तुम्ही होय! वाजवा वाजवा, मी बसतो."

बायको वाजवायला बसली. आणि काय वाजवलं तिने! खिडकीच्या काचा थरथरल्या, समोरच्या गॅलरीतली माणसं बाहेर आली, काकांची मान डोलायला लागली. गिऱ्हाईक चष्मा मागायचं विसरलं. "कोण वाजवतंय ते दिसत नाही मला," ते म्हणालं, "पण माणूस तयारीचा आहे!"

"माझी बायको आहे," चष्मेवाले छाती फुगवून म्हणाले. मुलाच्या पहिल्या नंबरालाही त्यांची छाती एवढी फुगली नसती. अर्थात तो कधी आला नव्हता.

पुढच्या रविवारी दुपारी घरातला फोन वाजला. बायकोने काखेत काठ्या धरून तो घेतला.

"वहिनी," काका वैतागून म्हणाले, "मुलगा परत आला का हो? पुन्हा नुसता धुडगूस चाललाय."

तिने खोलीत वळून पाहिलं. स्टुलावर जीभ बाहेर काढून, मुलाच्या जुन्या काठ्या घेऊन चष्मेवाले बसले होते.

"नाही काका," ती म्हणाली. "हे त्याचे वडील आहेत. जरा सांभाळून घ्या, नवीन आहेत."