क्रिब नको

क्वीन्सटाउनला जायचं कधी आणि राहायचं कुठं, या दोन प्रश्नांवर न्यूझीलंडच्या लोअर हटमधल्या त्या घरात तीन आठवडे खडाजंगी चालली होती. ‘कधी’चा निकाल राजारामपंतांनी लावला. ते विभावरीचे वडील. साताऱ्याला पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले आणि लेकीकडे पहिल्यांदाच आलेले.

“जन्मभर पाणी मोजलं,” ते म्हणाले. “आता ते पांढरं होऊन पडताना एकदा बघायचंय. खिडकीत बसून, हातात गरम चहा घेऊन. बास, दुसरं काही नको.”

झालं. एप्रिलची पिवळी पानं नि डिसेंबरचं ऊन बाजूला पडलं आणि जुलै मुक्रर झाला. पंतांचं परतीचं विमान जुलैअखेरीला होतं, त्यामुळे हुकलं तर हुकलंच. ‘कुठं’ची जबाबदारी जावयावर, म्हणजे गुरुदत्तवर आली आणि तिथंच विभावरी सावध झाली.

गुरुदत्त तसा वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला अन्याय फार लवकर दिसायचा. रोटोरुआत गंधकाचा वास येतो म्हणून त्यानं मोटेलवाल्याला पत्र लिहिलं होतं. टाउपोत खिडकीतून तळं तिरकं दिसतं म्हणून एक, नेपियरात टोस्टर एकाच बाजूनं भाजतो म्हणून एक, तेही फोटोसकट. विभावरीनं पुण्यात आयटीत दहा वर्षं काढली होती आणि तिथल्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द होता, क्रिब करणं.

“गुरू, या वेळी बाबा बरोबर आहेत,” तिनं बजावलं. “चार दिवस अजिबात क्रिब करायचं नाही. घे शपथ.”

“मी कधी क्रिब करतो? मी फीडबॅक देतो.”

“शपथ!”

त्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली. ती घेतानासुद्धा त्याला वाटत होतं की हा अन्यायच आहे.

जुलैत तिथं बर्फ असतं आणि शाळांना सुट्टीही असते, त्यामुळे सगळी हॉटेलं तुडुंब भरलेली होती. शेवटी ऑफिसातल्या एकानं मॉरीन नावाच्या बाईंचा नंबर दिला. सत्तरीच्या बाई, तळ्यावरच्या चढावर राहणाऱ्या. शेजारचं आपलंच रिकामं घर त्या ओळखीपाळखीच्यांना द्यायच्या. जाहिरात नाही, ॲडव्हान्स नाही, सगळा कारभार फोनवर. गुरुदत्तनं फोन करून चार रात्री पक्क्या केल्या. मग तीन ईमेल पाठवून हीटर किती, नळाला जोर किती आणि खिडकीचं तोंड कुठं, हेही विचारून घेतलं. खिडकीचं तोंड डोंगराकडे होतं. पंत खूश झाले.

निघायच्या आठ दिवस आधी, रविवारी दुपारी, मॉरीनबाईंचं ईमेल आलं. दोनच ओळी होत्या. ‘किया ओरा गुरुदत्त. डू यू स्टिल वॉन्ट द क्रिब? हीप्स ऑफ पीपल आर आस्किंग.’

गुरुदत्तचे कान लाल झाले.

“क्रिब! ही बाई मला विचारतेय पाळणा हवाय का!”

“कुणासाठी?” विभावरी कणीक मळता मळता म्हणाली.

“तेच तर! तेरा वर्षांची मुलगी आहे, हे दोनदा कळवलंय मी. वाचायचंच नाही म्हणजे काय? आणि म्हणे ‘स्टिल’! अगं, मी मागितला कधी होता?”

“डॅड, चिल. इट्स जस्ट अ क्रिब,” सोफ्यावरून ती तेरा वर्षांची सिद्धी म्हणाली. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचं.

“अरे, मग पाळणा नको असं कळवून टाक,” विभावरी म्हणाली. “एवढं तापायला काय झालं?”

“तापू नको तर काय करू? या वयात मला पाळणा काय करायचाय?”

हे शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं गेलं. मग त्यानं तसंच मोठ्यानं उत्तर टाइप केलं. ‘वी डू नॉट वॉन्ट द क्रिब. काइंडली गिव्ह इट टू सम फॅमिली दॅट नीड्स इट. प्लीज डू नॉट आस्क अगेन.’

पाच मिनिटांत जबाब आला. ‘स्वीट ॲज. गिव्हिंग इट टू अ लव्हली फॅमिली फ्रॉम गोर.’ ‘स्वीट ॲज’ म्हणजे इकडचं ‘झकास’ आणि गोर हे दक्षिणेतलं एक गाव.

“बघितलंस?” गुरुदत्तनं फोन नाचवला. “ठणकावून सांगितलं की लोक सरळ होतात.”

इकडे पलीकडच्या खोलीत राजारामपंत पलंगावर ताठ उठून बसले होते. दुपारच्या झोपेतून त्यांना मोजकंच ऐकू आलं होतं. लेक म्हणाली, पाळणा नको. जावई ओरडला, या वयात पाळणा काय करायचाय. अर्थ उघड होता. त्यांनी दार लोटून हळूच साताऱ्याला फोन लावला. सुमेधाताईंचं, म्हणजे विभावरीच्या आईचं, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या या खेपेला येऊ शकल्या नव्हत्या.

“बेचाळिसाव्या वर्षी?” ताईंचा आवाज चढला. मग लगेच उतरला. “असू दे. होतं कुणाकुणाला. पण तीन महिने व्हायच्या आत बोलत नाहीत, ती सांगेपर्यंत तुम्ही अवाक्षर काढू नका. आणि तिला ओझं उचलू देऊ नका!”

“आणि हा माणूस तिच्यावर ओरडतोय,” पंत दात आवळून म्हणाले. जावयाविषयी त्यांचं मत पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बिघडलं.

दुसऱ्या दिवशी विभावरीच्या ताटलीतली पपई पंतांनी न बोलता उचलून स्वतः खाल्ली. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातली कपड्यांची बादली काढून गुरुदत्तच्या हातात दिली. विमानतळावर तर त्यांनी कहर केला. विभावरीनं बॅगेला हात लावला की ते मध्ये येत.

“गुरुदत्तराव, उचला. ती उचलणार नाही.”

“बाबा, अहो एक तर घेऊ द्या तिला. माझ्याकडे चार झाल्या.”

“पाचवीही घ्या,” पंत थंडपणे म्हणाले.

गुरुदत्तनं शपथ आठवली, जीभ चावली आणि पाचवी बॅग घेतली.

क्वीन्सटाउनला उतरून भाड्याची गाडी चढावर लागली तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आकाशातून ओलं, अर्धवट बर्फ गळायला लागलं होतं. घर सापडलं. खिडकीत दिवाही होता. ‘बाईंनी दिवा लावून ठेवलाय हं,’ असं म्हणत गुरुदत्तनं दारावर टकटक केली. दार एका तांबड्या केसांच्या तगड्या माणसानं उघडलं. त्याच्या हातात सॉस लागलेला काटा होता. मागं टेबलाभोवती पाच-सहा माणसं जेवत होती आणि खिडकीतल्या खुर्चीत, अगदी डोंगराकडे तोंड करून, कुणातरी परक्याचे आजोबा चहाचा मग घेऊन बसले होते.

पंतांनी ते आजोबा पाहिले. त्यांनी फक्त मफलर घट्ट केला. आणि ते बघून गुरुदत्तची शपथ उडाली.

आवाज ऐकून मॉरीनबाई शेजारच्या घरातून रबरी बुटांत फताफता आल्या.

“मी चार रात्री बुक केल्या होत्या!” गुरुदत्त इंग्रजीत गरजला. “हे लोक कोण? काय चाललंय काय हे? माझे सासरे सातासमुद्रापलीकडून आलेत!”

“पण तुम्हीच कळवलं ना क्रिब नको म्हणून?” बाई चकित होऊन म्हणाल्या. “पुन्हा विचारू नका, असंही लिहिलंत. मला जरा लागलंच ते.”

“हो! क्रिब नको होता! घर हवं होतं!”

“अहो, घर म्हणजेच क्रिब.”

“क्रिब म्हणजे बाळाचा पाळणा!”

“त्याला कॉट म्हणतात, लव्ह,” बाई समजुतीनं म्हणाल्या. “सुट्टीसाठी बांधलेल्या घराला आम्ही इकडे दक्षिणेत क्रिब म्हणतो. वर तुमच्याकडे त्यालाच बॅच म्हणतात, नाही का?”

गुरुदत्तनं बॅगा सावरल्या. न्यूझीलंडमध्ये नऊ वर्षं राहून बॅच त्याला ठाऊक होता. क्रिब नव्हता. संताप भरपूर शिल्लक होता, पण तो काढायला स्वतःशिवाय माणूस उरला नव्हता आणि हा त्याला सगळ्यात मोठा अन्याय वाटला.

“गावात एक खाट मिळायची नाही,” मॉरीनबाई चुकचुकल्या. “माझ्या मागच्या अंगणात एक खोली आहे खरी, पण एकच. चौघं कसे मावणार?”

आता पंत पुढं झाले. लेक ओल्या बर्फात उभी होती. गुप्तता गेली खड्ड्यात.

“मॅडम,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “माय डॉटर इज कॅरिंग.”

मॉरीनबाईंनी विभावरीच्या हातांकडे पाहिलं. ते पूर्ण रिकामे होते. पाचही बॅगा गुरुदत्तच्या अंगावर लटकत होत्या.

“कॅरिंग व्हॉट?”

“बेबी!”

“बाबा!” विभावरी किंचाळली. सिद्धी “इव, मॉम!” म्हणाली. गुरुदत्तच्या खांद्यावरून दोन बॅगा एकदम खाली आल्या.

पुढचा खुलासा होईपर्यंत बाई थांबल्याच नाहीत. “अरे देवा, आत चला, आत चला” करत त्यांनी मागची खोली उघडली, हीटर लावला, गाद्या टाकल्या आणि गराजमधून धूळ झटकत एक जुना लाकडी कॉटही आणला, लागला तर असावा म्हणून. विभावरीनं त्यांना खरं काय ते सांगितलं तेव्हा बाई त्या कॉटच्या कठड्याला धरून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

“आता हीटर लागलाच आहे,” त्या म्हणाल्या. “राहा.”

पंतांनी साताऱ्याला कळवलं. “नाही गं, तसं काही नाही. हो, चौकशी केली. घर होतं ते.”

रात्रीतून थंडी वाढली. सकाळी सिद्धीनं पडदा सरकवला तेव्हा डोंगर, अंगण, गाडी, सगळं पांढरं झालं होतं आणि वरून आणखी पडत होतं, आवाज न करता. पंत खिडकीशी बसले. विभावरीनं चहा हातात दिला. तो निवून गेला तरी त्यांनी घोट घेतला नाही.

“किती इंच असेल हो?” बऱ्याच वेळानं त्यांनी जावयाला विचारलं. गुरुदत्त जॅकेट चढवून बाहेर गेला, सिद्धीची पट्टी घेऊन मोजून आला. “साडेचार, बाबा.”

“साडेचार,” पंत समाधानानं म्हणाले आणि जावयाविषयीचं मत त्यांनी पूर्ववत केलं.

ते चार दिवस गुरुदत्तनं अशी शपथ पाळली की विभावरीला त्याची काळजी वाटू लागली. गरम पाणी चार मिनिटांत संपायचं, कॉटचा कोपरा रात्रभर त्याच्या बरगडीत असायचा, पण तो हूं की चूं बोलला नाही.

निघताना मॉरीनबाई दारापर्यंत आल्या. “पुढच्या जुलैत हाच आठवडा, क्रिब तुमचा,” त्या म्हणाल्या. “सुट्टीचा आठवडा आहे, पण गोरवाल्यांना मी नाही म्हणेन. दाराशी वही आहे, दोन शब्द लिहून जा.”

“आईला आणू या!” विभावरी हरखली. “तोवर गुडघाही बरा होईल. गुरू, नीट लिही हं काहीतरी. छान.”

गुरुदत्तनं पेन घेतलं. त्याला खरोखरच भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो तक्रार नसलेला अभिप्राय लिहीत होता आणि तो त्यानं अगदी मनापासून लिहिला.

लोअर हटला परतल्यावर पंत साताऱ्याला गेले. तिथं सुमेधाताईंनी पुढच्या वर्षासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले. एक पूर्णही झाला. मग रविवारी दुपारी मॉरीनबाईंचं ईमेल आलं आणि विभावरीनं ते ओट्याशी उभं राहून वाचलं.

‘थँक्स फॉर द लव्हली नोट. स्वीट ॲज, गिव्हिंग नेक्स्ट जुलै टू द गोर फॅमिली.’ खाली वहीच्या पानाचा फोटो होता. गुरुदत्तचं वळणदार अक्षर स्पष्ट दिसत होतं. ‘वंडरफुल स्टे. नो क्रिब. नेक्स्ट यिअर ऑल्सो नो क्रिब, दिस इज माय प्रॉमिस.’

विभावरीनं फोन त्याच्यापुढं धरला. गुरुदत्तनं वाचलं, परत वाचलं. त्याचे कान लाल झाले, छाती फुगली, तोंड उघडलं.

“डॅड,” सोफ्यावरून सिद्धी स्वच्छ मराठीत म्हणाली, “आता क्रिब करायचं नाही.”