देवसिंगच्या बैलांची झुलू

पोरगा इंद्रजीत मालवाहू जहाजावर नोकरीला लागला, तेव्हापासून फुलसावंगीच्या नाक्यावरच्या हॉटेलात देवसिंग राठोडचा भाव वाढला होता. जहाजावरचे निम्मे खलाशी फिलिपिन्सचे, त्यामुळे पोरगा फिलिपिनो बोलायला शिकला होता. आणि पोराला भाषा येते म्हणजे बापालाही ती येतेच, असं देवसिंग धरून चालायचा. हॉटेलात शिरताना तो "कुमूस्ता!" म्हणायचा, म्हणजे कसे आहात. चहा हातात आला की "सलामत", म्हणजे आभार. लोक कौतुकाने ऐकायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजवाल्या रहमतचा पोरगा जमीर दक्षिण आफ्रिकेत डरबनला गेला आणि तिथली झुलू भाषा शिकला.

"मोठी जंतर, अजब भाषा हाये," रहमत हॉटेलात सांगू लागला. "आपण शब्दाचं शेपूट बदलवतो, ते मुंडकं बदलवतेत. एक माणूस म्हणजे उमुंतू, लय माणसं म्हणजे अबांतू. अन् बोलता बोलता जिभेनं टाळ्या वाजवतेत. बेडकाले काय म्हणतेत, ऐका." त्याने जीभ गालाकडे वळवून दोनदा दणक्यात वाजवली. "ई-टॉक्-ओ-टॉक्-ओ!"

सगळं हॉटेल टॉक टॉक करू लागलं. देवसिंगने चहा घेऊन मुद्दाम मोठ्याने "सलामत" म्हटलं.

"हा तं आमच्या घरातला शब्द हाये, देवसिंगभाऊ," रहमत हसत म्हणाला.

शाळेतल्या सेवादास गुरुजींनी मोबाईलमध्ये शोधून त्यात भर घातली. "फिलिपिनोत चेहऱ्याले मुखा म्हणतेत. अन् मास्तरले गुरो."

"मंग हे फॉरेन कायचं?" कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. "हे तं इथंच किनवटच्या पलीकडचं वाटून राह्यलं!"

देवसिंगला तो चहा गोड लागला नाही. रहमतशी त्याचं वैर नव्हतं. उलट त्याची मोटारसायकल रहमतशिवाय कोणाला कळत नसे. पण आता रहमतने तोंड उघडलं की देवसिंग अर्धा चहा टाकून उठे. घरी येऊन त्याने इंद्रजीतला फोन लावला.

"एखादा कठीण शब्द सांग."

"कठीण कायले, बाबा? अराव म्हणजे दिवस. अराव-अराव म्हणजे रोज."

"हे तं आपणबी म्हणतो, रोज रोज! जीभ वाकडी झाली पायजे, असा सांग."

इंद्रजीतने विचार केला. "ङायोन. म्हणजे आत्ता. अन् ङिपिन म्हणजे दात."

देवसिंग हरखला. जे अक्षर शाळेत एकदा गिरवलं की पुढे जन्मभर कोणी विचारत नाही, त्या 'ङ'पासून तिकडे शब्द सुरू होत होते! त्याने गोठ्यात बसून सराव सुरू केला. त्याच्या नाकातला आवाज ऐकून जमनाबाईने सर्दी समजून ओव्याची वाफ दिली. देवसिंगने ती घेतली, कारण खरं कारण बायकोला सांगणं वाफेपेक्षा अवघड होतं.

बाजाराच्या दिवशी त्याने हॉटेलसमोर बैलगाडी उभी केली. गाडीत सरकीच्या ढेपेची पोती होती, बैल जुंपलेलेच होते. धुऱ्यावर बसूनच त्याने आव्हान दिलं, "रहमतभाई, आज दोन्ही भाषेचा फैसला होऊन जाऊ दे. गुरुजी सांगतीन कोणती भारी ते."

गर्दी जमली. देवसिंगने छाती फुगवून नाकातून शब्द सोडला, "ङायोन!"

"डोक्शाले बाम लावा, भाऊ," भाजीवाली शकुबाई कळवळून म्हणाली.

लोक हसले. देवसिंगचे कान तापले. आता मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून रहमत मागून गाडीवर चढला, पोत्यांवर उभा राहिला आणि सगळी ताकद जिभेत आणून म्हणाला, "ई-टॉक्-ओ-टॉक्-ओ!"

हरण्या आणि चांद्या या बैलांना जन्मापासून एवढंच ठाऊक होतं की, धन्याने जीभ अशी वाजवली की निघायचं. ते निघाले. देवसिंगच्या हातातून कासरा सुटला. रहमतने देवसिंगची मान धरली.

"थांबव ना!" रहमत ओरडला.

"कासरा खाली लोंबून राह्यला! तू माही मान सोड!"

घाबरलेल्या जनावराला चुचकारावं, एवढं रहमतला माहीत होतं. घरच्या शेळीला तो तसंच चुचकारायचा. त्याने प्रेमाने जीभ वाजवली, टॉक टॉक टॉक. बैल चौखूर उधळले.

"बंद कर तुही झुलू!"

गाडीने शकुबाईची वांगी तुडवली, कपड्याच्या दुकानाचा मांडव ओढला आणि अंगावर परकर पांघरून दोघंही देवसिंगच्या बंजारा तांड्याच्या वाटेला लागले. बैल थेट गोठ्यासमोर थांबले. जमनाबाई धावत बाहेर आली. "कांई वेगो? काय झालं?"

"भाषेचं काम होतं," देवसिंग परकर काढत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी निकाल गावानेच लावून टाकला होता. देवसिंगच्या बैलांना झुलू समजते! लोक गूळ घेऊन गोठ्यात येऊ लागले. रहमतने हॉटेलात येणं सोडलं. देवसिंग त्याच्याकडे गेला, तर तो स्कूटरखाली पाठ टेकून पडलेला.

"आमची पोरगी गझाला म्हणे, अब्बा, बैलाले येते तं त्यात काय मोठं," तो खालूनच म्हणाला. "जमीरनं वर्ष घालवलं, भाऊ. तुह्ये बैल एका दिवसात पास!"

देवसिंगला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण घरी परतल्यावर पाहतो तर सेवादास गुरुजी चांद्याबरोबर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकत होते. त्यांनी देवसिंगला नमस्कारही केला नाही. ज्या बैलांना आपण चारा घालतो, त्यांचा हेवा वाटावा, याची त्याला लाज वाटली, पण हेवा काही कमी होईना.

संध्याकाळी देवसिंग गोठ्यात असताना इंद्रजीतचा व्हिडिओ कॉल आला. जहाजावरचे सगळे दोस्त त्याच्या भोवती दाटीवाटीने उभे होते. देवसिंगने घाईने टोपी सरळ केली, घसा खाकरला आणि फोन तोंडासमोर धरला. पलीकडून पोरांचा एकच गलका झाला.

"काय म्हणून राह्यले ते?" देवसिंगने हसत विचारलं.

इंद्रजीत जरा घुटमळला. "बाबा, ते म्हणतेत, तुम्ही थोडेसे बाजूले सरका. मागचे बैल दिसून नाई राह्यले."