आवाजाचा ट्रेनर

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना डॉक्टर म्हणाले, "रोज सायकल चालवा, नाहीतर तयारीला लागा." कसली तयारी, ते त्यांनी सांगितलं नाही. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जादा ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे मास्तरांचं पोट सुटलं होतं आणि रक्तदाब चढला होता. त्यांनी माळ्यावरची सायकल काढली, आणि पहिल्याच सकाळी त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेल्या एका बाईंनी गाडीचा धक्का देऊन त्यांना सायकलसकट गटारात घातलं.

"आता काय चालवायची ती घरात," त्यांच्या कोपराला मलम चोळत बायको म्हणाली. "मागचं चाक अडकवायचा स्टँड मिळतो, ट्रेनर म्हणतात त्याला. पण बिनआवाजाचा बघा. खाली माणूस जायला टेकलंय."

खालच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ बरेच महिने अंथरुणाला खिळून होते. मुलगी नोकरी सोडून त्यांचं सगळं करत होती. जिन्यातून जाताना लोक आपोआप चपला हातात घेत.

दुकानदाराने दोन ट्रेनर दाखवले. "ह्यात मागचं चाक काढून ठेवायचं, साखळी सरळ मशीनवर. आवाज मुंगीलाही ऐकू जायचा नाही. आणि ह्यात चाक राहतं, टायर रोलरवर घासतो."

"ह्याचा आवाज?"

"थोडासा घुमतो. सवय होते."

"कोणाला?" मास्तरांनी विचारलं.

काढलेलं चाक आपल्याला परत बसवता येईल, ह्याची मास्तरांना अजिबात खात्री नव्हती. त्यांनी घुमणारा घेतला. दुपारी पहिलं पॅडल मारलं आणि खोलीत विमान सुरू झाल्यासारखं वाटलं. खिडकीची काच थरथरली, कपाटातल्या ताटल्या बोलायला लागल्या. मास्तर घाबरून उतरले, तोच बेल वाजली. दारात खालची मुलगी उभी होती. डोळे लालबुंद.

"चुकलं ताई, परत नाही होणार," मास्तर हात जोडून म्हणाले.

"बंद का केलंत?" ती म्हणाली. "बाबांना आत्ता कुठे झोप लागली होती. रोज चालवाल का, दुपारी? जरा जास्त वेळ?"

मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? मास्तर रोज दुपारी चालवू लागले. दुपारचे विद्यार्थी त्यांनी सकाळवर ढकलले, सकाळचे स्वतःहून दुसऱ्या स्कूलमध्ये गेले. गुडघे कुरकुरायला लागले. दम घ्यायला थांबलं की बेल वाजे. "थकलात का? अजून थोडंच." एकदा तर ती चाचरत म्हणाली, "थोडं जोरात मारता येईल का? बाबांना जोरातला बरा वाटतो."

"माझ्या आधी ते जातील की त्यांच्या आधी मी?" मास्तरांनी बायकोला विचारलं.

"असं अभद्र बोलू नका," ती म्हणाली, आणि केस वर बांधून स्वतः सायकलवर चढली.

अडचण खालच्या काकूंची झाली. त्या मुलीच्या शेजारच्या दारात राहत, आणि अख्ख्या बिल्डिंगची काळजी वाहत. "आजारी माणसाच्या उरावर नाचताय?" त्यांनी मास्तरांना भर जिन्यात झापलं. मास्तरांनी ट्रेनर बदलून आणला. दुकानदार स्वतः येऊन चाक काढून गेला. दुपारी सायकल इतकी शांत चालली, की मास्तरांना आपलाच श्वास ऐकू आला. पाठोपाठ बेल.

"नको हो हा," मुलगी दाराला धरून म्हणाली.

संध्याकाळी घुमणारा परत आला. दुकानदाराने चाक पुन्हा बसवून दिलं.

मग एका दुपारी मास्तरांच्या पोटरीत असा गोळा आला, की ते लवकरच उतरले. बेल वाजली नाही. त्याच संध्याकाळी म्हातारे गेले.

दोघं खाली भेटायला गेली तेव्हा मास्तरांचा चेहरा गुन्हेगारासारखा झाला होता. काकू जरा वेळ आपल्या घरी गेल्या होत्या, तेवढी संधी साधून ते म्हणाले, "ताई, आज मी लवकर थांबलो. त्यांची झोप मोडली असेल."

मुलीने मान हलवली. "बाबांना काही ऐकूच येत नव्हतं, काका. आजारी पडायच्या आधीपासून."

"मग ते... जोरातलं?"

"मला रडायला." ती खाली बघत म्हणाली. "ह्या भिंती अशा पातळ. जरा हुंदका आला, की काकू दार ठोठावायच्या. 'गेले का गं?' तुम्ही सुरू केलंत की मला मोकळं रडता यायचं."

"आणि आता?" बायकोने विचारलं.

"आता सगळे म्हणतायत रड, रड. समोर बसून बघतायत. येतच नाही."

तेवढ्यात काकू परतल्या आणि मुलीच्या समोर खुर्ची ओढून बसल्या.

दोघं वर आली. मास्तरांनी लंगडत कपडे बदलले, सायकलवर चढले आणि पोटरी दाबत सर्वांत जड गिअर टाकला. ताटल्या थडथडू लागल्या. थोड्याच वेळात काकू धापा टाकत वर आल्या.

"खाली प्रेत आहे आणि हे व्यायाम करतायत?"

बायकोने काकूंचा हात धरून त्यांना आत घेतलं, पंखा लावून बसवलं आणि दाराला आतून कडी घातली.

"बसा काकू," ती म्हणाली, "ह्यांचं आटोपलं की जा."